'ओ'ला 'ओ' कां जुळेना?

वाकोल्याहून एका भगिनींनीं विचारिलें आहे कीं, दिरांच्या चिठ्ठीवर रक्तगट 'ओ' असें स्पष्ट लिहिलेलें असतां, शस्त्रक्रियेसाठीं आणलेली 'ओ' रक्ताची एकही पिशवी जुळेना, हें कसें?

असें रक्त प्रथम आपल्या मुंबईंतच ओळखलें गेलें. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि जगभर त्यास 'बॉम्बे' गट हेंच नांव पडलें. मूळ कारण मात्र बऱ्याच वर्षांनीं उमगलें.

प्रथिन म्हणजे अमिनो अम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे, आणि स्वभाव निराळे. ल्यूसीनला पाणी नकोसें, तेलाशीं त्याचें सख्य. आर्जिनीन विद्युत्भार धारण करितें व पाण्यांत रमतें. आमटीवर फोडणीचें तेल वेगळें कां तरंगतें, हें गृहिणींस सांगावयास नको! पेशींचीं पटलें स्निग्ध द्रव्यांचीं. म्हणून पटलांत रुतणाऱ्या प्रथिनाला तैलप्रिय मण्यांचा, बहुधा वीसएक मण्यांचा, पट्टा लागतो. पटलाबाहेरही पाणी टाळणारे मणी आंत दडतात, आणि त्यायोगें माळेची घडी बसते.

रक्तगट घडविणारें एक विकर असेंच आहे. तें ३६५ मण्यांचें असून पेशींतील गॉल्जी नामक भागाच्या पटलांत एका टोंकाशीं रोवलेलें असतें. फ्यूकोज ही शर्करा जोडून तें 'एच' हा पाया रचतें. 'ए' व 'बी' या खुणा त्यावरच उभ्या राहतात. 'ओ' गटांत नुसता पाया असतो. आपल्याकडील बॉम्बे गटाच्या लोकांत बाहेरच्या भागांतील २४२ वा मणी ल्यूसीनऐवजीं आर्जिनीन असल्याचें आढळलें आहे. तेलाच्या सोबत्याच्या जागीं पाण्याचा सोयरा! तेवढ्यानें विकर निकामी होतें, आणि पायाच रचला जात नाहीं.

नेहमींची चांचणी 'ए' व 'बी' एवढेंच शोधिते, म्हणून चिठ्ठीवर 'ओ' येतें. परंतु या लोकांच्या रक्तांत 'एच'विरुद्ध प्रतिद्रव्यें असतात. 'ओ' रक्त दिल्यास तें नष्ट होऊन रोगी दगावूंही शकतो. पिशव्या आधीं जुळवून पाहिल्या, हें दिरांचें भाग्यच. त्यांना बॉम्बे गटाचेंच रक्त चालेल, आणि मुंबईकडे असा मनुष्य दहा हजारांत एखादाच.

हा दोष मातापिता दोघांकडून यावा लागतो. आतेमामे भावंडांच्या विवाहांत तो संभव वाढतो. दाता प्रथम सख्ख्या भावंडांत शोधावा, कारण तेथें प्रत्येकीं चारांत एक अशी शक्यता असते. भगिनींनीं आपल्या यजमानांचीच चिठ्ठी आधीं पाहावी. तीवर 'ओ' असेल, तर रक्तपेढींत 'एच'ची चांचणी उद्यांच करवून घ्यावी.