जखम घोट्यावर, रोग शिरेत



बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. घरच्या बाईच्या घोट्यावरची जखम मात्र वर्षभर मलमावर काढतो.

पायाच्या शिरांत, वर चढलेलं रक्त परत खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचतं. शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतो, घोटा काळा पडतो, शेवटी जखम होते. कापूसवेचणीसारख्या दिवसभर उभ्याच्या कामानं त्रास वाढतो. रोग शिरेत आणि मलम कातडीला, मग गुण कसा येणार?

सावेडीत दवाखाने पुष्कळ आहेत. तिथं गेलात तर पायाची डॉपलर सोनोग्राफी आधी मागा. सुई नाही, चिरा नाही. कोणती झडप गेली, आतल्या मोठ्या शिरेत गुठळी आहे का, दोन्ही कळतं. त्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

निकामी शीर काढता येते किंवा लेसरनं आतून बंद करता येते. इंग्लंडात ४५० रोग्यांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. पट्टी दोन्ही गटांना होती. शीर लवकर बंद केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांची ८२ दिवसांत.

खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. कर्ज काढायची वेळ त्यानंतरची.

बैलाला जी तातडी, तीच घरच्या माणसाला हवी.