शिलाजित आणि सकाळचा शीण

सकाळी अंथरुणातून उठताना अंगात त्राण नसते, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते आणि तिच्यावरचा उतारा म्हणून शिलाजिताची काळी डबीही घरोघरी पोहोचू लागली आहे. हरभऱ्याएवढा चिकट गोळा कोमट दुधात विरघळवून घेतला की दिवसभर शीण म्हणून जाणवणार नाही, असे विक्रेता छातीठोकपणे सांगतो. मोबाईलच्या पडद्यावरून हा पुकारा गोव्याच्या किनाऱ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सारखाच ऐकू येतो. या पुकाऱ्यास भुलण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार व्हावा, असे आम्हाला वाटते. डबीत नेमके काय आहे ही पहिली आणि सकाळचा शीण कशाने येतो ही दुसरी.

शिलाजित थोतांड आहे, असे आमचे म्हणणे नाही. शतकानुशतके कुजलेल्या वनस्पतींचा अंश खडकांच्या भेगांत साठतो आणि उन्हाळ्याच्या तापाने हिमालयासारख्या पर्वतांतून तो पाझरतो. त्यात फुल्विक आम्ल आणि अनेक खनिजे असतात. चरकसंहितेच्या रसायन अध्यायात त्याचा मोठा गौरव आहे. परंतु गौरव सांगणारे आज त्याच ग्रंथातील अटी सांगत नाहीत. चरकाने काळ, योग आणि विधी पाहूनच ते योजावे असे म्हटले आहे. मात्रा आणि सेवनाचे सप्ताह ठरवून दिले आहेत. आणि ते घेणाऱ्यास कुळीथ वर्ज्य केला आहे. कुळथाच्या पिठीवर वाढलेल्या आमच्या कोकण-गोव्याच्या वाचकांना हे पथ्य किती विक्रेत्यांनी सांगितले असेल? ग्रंथाचे नाव घ्यायचे आणि ग्रंथाची शिस्त टाकायची, हा आयुर्वेदाचा सन्मान नव्हे.

कच्च्या शिलाजितात माती आणि वाळूबरोबर शिसे, आर्सेनिक यांसारखे विषारी घटकही असू शकतात. म्हणून शोधन अपरिहार्य ठरते. आयुर्वेदिक औषधांत शिसे दशलक्ष भागांत 10 भागांपेक्षा आणि आर्सेनिक 3 भागांपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा आपल्या देशात ठरलेली आहे. परंतु मर्यादा कागदावर असून भागत नाही, माल तपासला गेला पाहिजे. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते.

न तपासलेल्या औषधाची किंमत काय असते, हे मध्य प्रदेशातील एका भूभागाने अलीकडेच मोजले. सौंसर आणि पांढुर्णा ही नागपूरला लागून असलेली, मराठी बोलणारी संत्र्यांची भूमी. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, हा मुलूख मात्र मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. त्याच छिंदवाड्याच्या परासिया भागात 2025 साली खोकल्याच्या एका औषधाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. तमिळनाडूत बनलेल्या त्या ‘कोल्ड्रिफ’ औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य 48.6 टक्के आढळले. ते औषध परवानाधारक कारखान्यातील होते आणि बाटलीवर रीतसर चिठ्ठीही होती. तेथे ही गत, तर आठवडी बाजारात कागदाच्या पुडीतून मिळणाऱ्या काळ्या गोळ्याची हमी कोणी द्यावी?

आता दुसरा प्रश्न. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के आणि पुरुषांपैकी 25 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो. रक्तक्षय, सिकलसेल, थायरॉईड, मधुमेह, अपुरी झोप या सर्वांचे पहिले गाऱ्हाणे एकच असते, ते म्हणजे थकवा. थकवा हा शरीराने धाडलेला निरोप आहे. निरोप्याला शिलाजिताची लाच देऊन दारातून परत पाठविले, तरी निरोप खोटा ठरत नाही. उपचाराचे महिने मात्र वाया जातात. शिवाय वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात आधीच लोह साठत असते. त्याने लोहयुक्त शिलाजित आपल्या मनाने घेणे म्हणजे आगीत तेल ओतणेच होय.

सौंसरजवळच्या जामसावळीला पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला दूरदुरून माणसे जातात. बलाची उपासना आपल्या समाजाला नवी नाही. पण ती आहार, व्यायाम आणि नियम यांतून होत आली आहे, डबीतून नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासता येते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीची योजना आहे. आधी तपासणी, मग वैद्याचा सल्ला आणि त्याने सांगितले तरच शिलाजित, हाच क्रम शहाणपणाचा आहे.

शासनाचीही जबाबदारी टळत नाही. कामशक्ती वाढविण्याच्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी घातली आहे. शिलाजिताच्या अनेक जाहिराती मात्र आडवळणाने तेच सुचवीत असतात. अन्न व औषध प्रशासनाने बाजारातील आणि घरपोच येणाऱ्या शिलाजिताचे नमुने नियमित तपासावेत आणि निष्कर्ष उत्पादनाच्या तुकडीक्रमांकासह जाहीर करावेत. परासियाची बालके गेल्यावर तपासणीची धावपळ झाली. तशी धावपळ पुन्हा करावी लागू नये, एवढीच आमची मागणी आहे.