ड्रायव्हर ठेवताना झोपेची चौकशी करा

चिंचोटी नाक्यावर ट्रकांची वर्दळ रात्रीही थांबत नाही. अहमदाबाद महामार्गावरून येणारा बराच माल येथून कामण-अंजूरफाटा रस्त्याने भिवंडीच्या गोदामांकडे वळतो. एखादा ट्रक किंवा टेम्पो पदरी असलेली कुटुंबेही आपल्या भागात पुष्कळ. ‘चांगला ड्रायव्हर मिळत नाही हो डॉक्टर,’ ही तक्रार दवाखान्यात नेहमी कानी पडते. चांगला म्हणजे कसा, असे विचारले की उत्तर येते : लायसन्स पक्के हवे, हात साफ हवा आणि रात्रभर न थांबता गाडी आणणारा हवा.

यातल्या तिसऱ्या अपेक्षेलाच माझा आक्षेप आहे.

पहाटे दोन ते पाच या वेळेत मेंदू झोप मागतोच. वीस वर्षांच्या अनुभवानेही ही मागणी कमी होत नाही. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असणाऱ्याइतक्या मंदावतात. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला ड्रायव्हर निव्वळ जागरणाने झिंगलेला असू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी पन्नास मीटर आंधळी धावते. नाक्यावर रस्ता ओलांडणारी माणसे याच पन्नास मीटरांत असतात.

लायसन्स पाहावेच. ते नसलेल्याच्या हाती गाडी देणारा मालकही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दोषी ठरतो. परंतु लायसन्स म्हणजे तब्येतीची हमी नव्हे. ट्रकच्या लायसन्ससाठी डॉक्टरी दाखला लागतो. पण त्याचे नूतनीकरण पाच वर्षांनी, आणि मधुमेह काही पाच वर्षे थांबत नाही. त्यातून काही ठिकाणी हा दाखला माणसाला न तपासताच मिळतो, ही आमच्या व्यवसायाला लाज आणणारी गोष्ट आहे. शिवाय ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. त्यामुळे चाळिशीच्या आतला टेम्पो ड्रायव्हर डॉक्टरला न भेटताच चाकामागे बसू शकतो. तेव्हा ही चौकशी मालकानेच केली पाहिजे.

काय पाहावे? नंबरप्लेट पंचवीस मीटरवरून वाचता येते का आणि समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, हे पाहावे. साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासून घ्यावा. रात्री मोठ्याने घोरून दिवसा पेंगणाऱ्याला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असू शकतो. त्याला डॉक्टरकडे पाठवावे. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी गाडी चालवली तर साखर एकदम उतरून भोवळ येते. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनीही गुंगी येते.

आजार निघाला म्हणून माणसाला काढून मात्र टाकू नका. तसे केलेत, तर पुढचा ड्रायव्हर आजार लपवील. चष्मा, औषध आणि वेळेवर जेवण एवढ्यावर बहुतेकांचे काम उत्तम चालते.

‘एवढे पाहत बसलो तर माल पोचणार कधी?’ असे विचारले जाते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे माप घातले होते. ते माणसाच्या ताकदीला धरूनच होते. जास्त फेऱ्यांवर जास्त पैसे ही पद्धत ठेवली की ड्रायव्हर झोप विकून कमाई करतो. त्यापेक्षा पगार ठरवून द्या आणि लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर जोडीला द्या. खर्च वाढेल, पण एका अपघाताच्या मानाने तो किरकोळ आहे.

पुढच्या वेळी नवा माणूस दारात उभा राहील, तेव्हा ‘किती वर्षे गाडी चालवलीत?’ याच्या जोडीला ‘काल रात्री किती तास झोपलात?’ हेही विचारा. उत्तर चार तासांचे आले, तर त्या दिवशी किल्ली देऊ नका.