नवें बिऱ्हाड आणि मोटारीचें विमापत्र

बिऱ्हाड हलवितांना मागें कांहीं राहूं नये म्हणून आपल्या घरांतील वडील मंडळी किती दक्ष असतात, हें सांगावयास नको. देवघरांतील टांकांपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सर्व वस्तु मोजून बांधल्या जातात; शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचें पुस्तक यांची निराळी पिशवी कोणाच्या तरी खांद्याला असते. मोटार मात्र स्वतःच्या चाकांवर नव्या गांवीं येते, आणि तिचीं कागदपत्रें पिशवींतून आलीं तरी त्यांवरील पत्ता जुन्याच गांवीं राहतो. वर्ष दोन वर्षें त्यावांचून कांहीं अडत नाहीं. अडतें तें नेमकें संकटाच्या दिवशीं.

बुलढाणा जिल्ह्यांतील, संग्रामपूर तालुक्यांतलें वरवट बकाल हें गांव उदाहरणादाखल घेऊं. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें, देवदर्शनास व आगगाडीस शेगांव. नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस गेलेलीं आणि निवृत्तीनंतर वाडवडिलांच्या घरीं परतलेलीं कुटुंबें वऱ्हाडांत ठिकठिकाणीं आढळतात. समजा, असें एक कुटुंब पुण्याचें बिऱ्हाड मोडून वरवट बकालास आलें आहे, आणि त्यांच्या मोटारीच्या पाटीवर पुण्याचें ‘एम.एच. १२’ आहे. आतां त्यांनीं काय करावें?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ४९ वें कलम असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांत लिहिलेल्या ठिकाणचें मालकाचें वास्तव्य संपलें म्हणजे त्यानें ३० दिवसांच्या आंत नवा पत्ता परिवहन कार्यालयास कळविला पाहिजे. आणि नवें घर दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दींत असेल, तर त्या दुसऱ्या कार्यालयास. राज्य तेंच असल्यामुळें गाडीचा क्रमांक बदलत नाहीं. पुण्याची पाटी काढून बुलढाण्याचें ‘एम.एच. २८’ लावावें लागेल, ही समजूत निराधार आहे. परंतु या धास्तीपायींच पुष्कळ लोक अर्जाची चालढकल करतात. नमुना ३३ चा अर्ज, नोंदणीपत्र, चालू विमापत्र, धुराचें प्रमाणपत्र आणि नव्या पत्त्याचा पुरावा, इतक्यावर काम भागतें. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचें संमतिपत्र जोडावें. अर्जाची सुरुवात आतां परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनहि करतां येते.

घोटाळा होतो तो यापुढें. परिवहन कार्यालयांत पत्ता बदलला म्हणजे विमा कंपनीस तें आपोआप समजलें, असें गृहीत धरलें जातें. विमा हा सरकारशीं नव्हे, कंपनीशीं केलेला करार आहे. तिला निराळें लिहावें लागतें. मग कंपनी ‘एंडॉर्समेंट’ देते, म्हणजे विमापत्रास जोडलेली दुरुस्तीची चिठी. ती हातीं येईपर्यंत काम झालें असें समजूं नये. एजंटानें दूरध्वनीवर दिलेला होकार म्हणजे चिठी नव्हे.

खेड्यांत आलों, आतां हप्ता कमी होईल, अशी आशा कित्येकांस असते. तिच्यांत तथ्य थोडें आहे. २००२ च्या अखिल भारतीय मोटार टॅरिफानें खाजगी मोटारींसाठीं देशाचे दोन भाग केले: पुणें, मुंबई, दिल्ली, कलकत्ता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद हीं आठ शहरें ‘अ’ भागांत, आणि उरलेला सर्व देश ‘ब’ भागांत. परंतु भाग ठरला तो गाडी कोणत्या कार्यालयांत नोंदली आहे त्यावरून. ती कोणाच्या अंगणांत उभी असते त्यावरून नव्हे. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर कंपन्या आपापले ठरवूं लागल्या, तेव्हां विचारून पाहण्यास हरकत नाहीं. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा, त्याचा दर मात्र सरकार ठरवितें आणि तो गांवानें बदलत नाहीं; १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीस २,०९४ रुपये आणि त्यापुढें १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये होते, मग ती पुण्यांत असो वा संग्रामपुरांत. चारदोनशें रुपयांच्या लाभासाठीं हा खटाटोप नव्हे.

खटाटोप कशासाठीं, तें पाहा. हा सक्तीचा विमा आपल्याकडे १९३९ च्या कायद्यानें आणला व त्याचीं कलमें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलीं. हेतु हा कीं, रस्त्यावर ज्याचा हात पाय मोडला त्यास मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहावें लागूं नये. केवळ पत्ता जुना आहे म्हणून हें संरक्षण नाहींसें होत नाहीं. तसें सांगून घाबरविणाऱ्या एजंटाकडे लक्ष देऊं नये. पण अपघात झाला, तर जखमी मनुष्य जेथें अपघात घडला तेथें, किंवा स्वतः जेथें राहतो तेथें, किंवा मोटारमालक जेथें राहतो तेथें, यांपैकीं कोठेंहि न्यायाधिकरणाकडे दाद मागूं शकतो. शेगांवच्या रस्त्यावर धक्का लागलेला यात्रेकरू नांदेडचा असला, तर खटला नांदेडास उभा राहूं शकतो, आणि समन्स जातें नोंदणीपत्रावरील पत्त्यावर, म्हणजे पुण्याच्या त्या बंद किंवा विकलेल्या घरीं. तेथें तें दारावर चिकटविलें जातें. वरवट बकालास कोणालाहि पत्ता नसतो, आणि इकडे काम एकतर्फी चालूं लागतें.

विमा कंपनी आहे, ती पाहून घेईल, असें यावर कोणी म्हणेल. कंपनी तिऱ्हाइतास पैसे देईलहि. परंतु चालविणाऱ्याजवळ वैध परवाना नव्हता असें ठरलें, तर न्यायाधिकरण कंपनीस ‘आधीं द्या आणि मग मालकाकडून वसूल करा’ असा हुकूम देऊं शकतें. गाडी त्या दिवशीं पुतण्या चालवीत होता. त्याचा परवाना ठाकठीक होता आणि तो घरांतल्या कपाटांत आहे. पण तो पुढें ठेवावयास घरचें माणूसच न्यायालयांत नसेल, तर कंपनीचा वकील तें काम आपल्यासाठीं करणार नाहीं. एका जुन्या पत्त्यापायीं लाखोंची वसुली घरावर येऊं शकते ती अशी.

पत्त्याबरोबर गाडीचा वापरहि बदलतो, याकडे तर फारच थोड्यांचें लक्ष असतें. पुण्यांत जी मोटार कचेरी व मंडई यांमध्यें फिरत होती, ती गांवीं आल्यावर घरच्या शेतीची चाकर होते. सरकीचीं पोतीं, खताच्या गोण्या, वेचणीच्या दिवसांत कापूस, आणि गुरुवारीं शेगांवास निघालेले शेजारी. शेजारी बिचारे डिझेलाचे पैसे आग्रहानें पुढें करतात. खाजगी मोटारीच्या विमापत्रांत ‘वापराची मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद असतो: भाड्यानें माणसें नेणें आणि घरगुती सामानाव्यतिरिक्त माल वाहणें त्यांतून वगळलेलें असतें. नेहमींची मालवाहतूक होणार असेल तर कंपनीस आधींच विचारावें. आणि शेजाऱ्यांचे पैसे घेऊं नयेत, हें उत्तम. पूर्वीं गाडी इमारतीच्या तळघरांत असे. आतां ती कडब्याच्या गंजीशेजारीं पत्र्याखालीं असते. जुलै २०२३ मध्यें संग्रामपूर व जळगांव जामोद या तालुक्यांत अतिवृष्टीनें नदीनाल्यांना जे पूर आले, ते वाचकांच्या स्मरणांत असतील. ज्यांचा विमा केवळ तिऱ्हाइतापुरता असतो, त्यांस आगीचें वा पुराचें एक पैहि मिळत नाहीं. म्हणून पत्ता कळवितांनाच विमा सर्वसमावेशक आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. पाण्यांत बुडालेल्या गाडीचें इंजिन सुरू करून पाहण्याचा मोहहि आवरावा. त्यानें होणारी नासधूस बहुधा भरून मिळत नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत आणखी एक गुंता असतो. मोटार चिरंजिवांच्या नांवें, चिरंजीव पुण्यासच नोकरीला, आणि गाडी गांवीं वडिलांच्या वापरांत. येथें मालकाचें राहतें घर बदललेलें नसल्यामुळें नोंदणीपत्रावरील पत्ता बदलण्याचें कारण पडत नाहीं. तरीहि गाडी आतां कोठें ठेवली जाते, हें कंपनीस लेखी कळवावें, असें आमचें मत आहे. शिवाय विमापत्राबरोबर मिळणारें १५ लाख रुपयांचें मालक-चालकाचें अपघाती संरक्षण नोंदलेल्या मालकास असतें, स्टिअरिंग हातीं धरणाऱ्या प्रत्येकास नव्हे. चिरंजिवांच्या गाडींत वडिलांस अपघात झाला, तर त्या १५ लाखांवर त्यांचा हक्क नाहीं. त्यांच्यासाठीं निराळा अपघात विमा पाहावा. उलट मोटार वडिलांच्या नांवें असून ते निवर्तल्यावर बिऱ्हाड हललें असेल, तर पत्ता बदलून भागत नाहीं. तें विमापत्र मृत्यूपासून तीन महिनेच, किंवा मुदत त्याआधीं संपत असल्यास तोंपर्यंतच, टिकतें; तेवढ्या अवधींत वारसांनीं नोंदणी व विमा दोन्ही आपल्या नांवें करून घ्यावींत. दुःखाच्या दिवसांत हें सुचत नाहीं, म्हणून घरांतल्या दुसऱ्या कोणीं तरी लक्षांत ठेवावें.

वरवट बकालपासून मध्य प्रदेशची सीमा दूर नाहीं. बऱ्हाणपूर, इंदूर येथें सोयरीक असलेलीं घरें या भागांत आहेत, आणि तिकडचे क्रमांक असलेल्या गाड्या इकडे कायमच्या येतात. राज्य बदललें कीं नियमहि बदलतो: १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी राहणार असेल तर मूळ कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्राचा नवा क्रमांक घ्यावा लागतो, येथील कर भरावा लागतो, आणि तो क्रमांक विमापत्रावरहि चढवून घ्यावा लागतो. नोंदणीची हेळसांड किती महाग पडते, याचें उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या एका निकालांत आहे. राजस्थानांत राहणाऱ्या एका गृहस्थांनीं पंजाबांत नवी गाडी घेतली. तिची तात्पुरती नोंदणी संपली, कायमची झालीच नाहीं, आणि ती जोधपुरास रात्रीं चोरीस गेली. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरी चोरीच्या दिवशीं वैध नोंदणी नव्हती, म्हणून दावा नाकारण्याचा कंपनीचा निर्णय न्यायालयानें कायम केला.

कंपनीस लिहावयाचें पत्र लहानसेंच असतें: विमापत्राचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, जुना पत्ता, नवा पत्ता पिनकोडासह, आणि कोणत्या तारखेपासून. नवें नोंदणीपत्र मिळालें असल्यास त्याची प्रत जोडावी. मिळावयाचें असल्यास अर्जाची पावती जोडून प्रत मागाहून पाठवितों असें लिहावें. नूतनीकरणाची सूचना याच पत्त्यावर येते, आणि ती चुकून मुदतीनंतर ९० दिवस उलटले तर ‘नो क्लेम बोनस’ सबंध जातो. ज्यांनीं पांच वर्षें दावा केलेला नाहीं, त्यांस ही सूट स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यांत ५० टक्के असते. कंपनीच्या दप्तरीं मोबाईलचा क्रमांक गाडी विकणाऱ्या दुकानाचा किंवा जुन्या एजंटाचाच राहिलेला असेल, तर तोहि याच पत्रानें बदलून घ्यावा.