अल् ऐनचा पाट

संयुक्त अरब अमिरात म्हटली की दुबईचे उंच मनोरे आठवतात. परंतु अबुधाबी राज्यातील अल् ऐन परिसरात खजुरांच्या बागांतून ‘फलज’चे पाट वाहतात. आपल्या पूर्वजांच्या कोकणातील पाटासारखेच हे पाट. पाणी लांबून भूमिगत वाटेने आणावयाचे व शेतकऱ्यांनी पाळीपाळीने घ्यावयाचे, ही विद्या तेथे सुमारे ३,००० वर्षांची आहे. जेबेल हाफीतच्या पायथ्याशी सुमारे ५,००० वर्षांपूर्वीच्या दगडी कबरीही आहेत. २०११ मध्ये युनेस्कोने या कबरी व बागा जागतिक वारसा ठरविल्या.

आपल्या आप्रवासी घाटाला हा मान २००६ मध्येच मिळाला. पण नुसत्या मानाने वारसा टिकत नाही. गाळ न काढल्यास पाट बुजतो. घरातील मराठीचेही तसेच आहे. आजीआजोबांच्या आठवणी आजच विचारून घ्या, आणि मुलांना त्या मराठीतूनच सांगा.