हो ऽऽ बाई!

परवा भाच्याशी फोनवर चांगलंच वाजलं. विषय काय, तर आमच्या छोट्या रेल्वेतल्या सांध्यांवरचे दिवे!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या आतल्या खोलीत प्लायवूडवर एक रेल्वे पसरलेली आहे. माप १:८७, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. (पुण्यातलं जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. आमचं त्याच्या नखाएवढंही नाही!) सुरुवात नातवासाठी केली होती. तो कॉलेजात गेला आणि मी मात्र अजून प्लायखालीच आहे :)

तर सध्या सांध्यांना मोटारी बसवणं चालू आहे. सांधा म्हणजे रूळ जिथे दुभंगतात ती जागा. तिथे दोन निमुळत्या पात्या असतात, त्या एका आडव्या पट्टीने जोडलेल्या. पट्टी इकडे सरकली की गाडी सरळ, तिकडे सरकली की फाट्यावर. आजवर आमच्याकडचा सांधेवाला म्हणजे माझं बोट. पण मागच्या कडेच्या सांध्यांपर्यंत हात पोहोचत नाही, आणि वाकावं तर पदरात सिग्नल अडकतो. म्हणून मोटारी.

मोटार म्हणतात खरं, पण तिच्यात गरगर फिरणारं काही नाही. तारेची दोन वेटोळी आणि मध्ये एक लोखंडी सळी. ज्या वेटोळ्यात वीज जाईल ते सळीला आपल्याकडे खेचतं, सळीवरची उभी पिन प्लायच्या भोकातून वर येऊन आडवी पट्टी सरकवते. खट्! झालं काम. वीज क्षणभरच द्यायची, बोट बटणावर रेंगाळलं तर वेटोळं जळतं. म्हणून आधी कपॅसिटर भरून ठेवायचा आणि तो एका झटक्यात रिकामा करायचा. मग बोट रेंगाळलं तरी धोका नाही. हे सगळं बीए मराठी झालेल्या बाईला जमतं, म्हणजे कोणालाही जमेल.

आता भांडण. भाच्याचं म्हणणं असं : "मावशी, बटण दाबलंस की तिथेच दिवा लागू दे ना. हिरवं बटण, हिरवा दिवा. प्लायखाली प्रत्येक सांध्याला वेगळा स्विच आणि त्याच्या तीन-तीन तारा कशाला ओढतेस? खेळणं आहे ते!"

हे म्हणणारा तो एकटा नाही. हा छंद असलेले पुष्कळ लोक असंच करतात आणि नवशिक्यांनाही तेच सांगतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे : असा दिवा लावण्यापेक्षा न लावलेला बरा. तो दिवा तुम्ही काय हुकूम दिलात तेवढंच सांगतो. हुकूम पाळला गेला की नाही, याची त्याला खबरच नाही. पण माणूस दिवा पाहतो आणि सांध्याकडे बघणं सोडून देतो.

गेल्या महिन्यात नेमकं हेच झालं. तेव्हा मी भाच्याचंच ऐकलं होतं. बटण दाबलं, खट् आवाज आला, दिवा हिरवा. गाडी सोडली. इंजिनाची पुढची चाकं एका रुळावर, मागची दुसऱ्या आणि सगळं लटांबर आडवं! पाहते तो पातीच्या फटीत खडीचा एक कण. राईएवढासुद्धा नाही. पाती अर्ध्यावरच थांबली होती.

इंजिन उचलताना मला माझा वर्ग आठवला. पहिली काही वर्षं धडा संपला की मी विचारायची, "कळलं का?" आणि साठ गळ्यांतून एकदम, "हो ऽऽ बाई!" मी खूश. पेपर तपासायला बसले की खरं काय ते कळायचं. "हो बाई" हे माझ्याच प्रश्नाचं पडसाद होतं, त्यांच्या डोक्यातून आलेलं उत्तर नव्हतं. पुढे मी तो प्रश्न विचारणंच सोडलं. फळ्यापाशी बोलवायची आणि म्हणायची, "करून दाखव." बटणावरचा दिवा म्हणजे "हो ऽऽ बाई!" मला सांध्याने करून दाखवायला हवं आहे.

भाचा म्हणाला, "मग मोटारीच्या सळीला लागूनच स्विच मिळतो, तो लाव." तो बरा, पण तोही अर्धाच साक्षीदार. पिन वाकली किंवा पट्टीतून निसटली तर सळी सरकते आणि पाती जागच्या जागी! म्हणून मी आडव्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला छोटा मायक्रोस्विच लावते. पात्या खरोखर पोहोचल्या तरच तो दाबला जातो. प्रत्येक सांध्याची परीक्षा घ्यायला जुन्या पोस्टकार्डाची पट्टी ठेवली आहे. पातीच्या फटीत ती घालून बटण दाबायचं. तरीही दिवा लागला तर सांधा नापास!

ही अक्कल माझी नाही. खऱ्या रेल्वेत हेच करतात. आपल्याकडे पाती आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवून चाचणी घेतात. त्या अवस्थेत सांधा कुलूपबंद होता कामा नये आणि सिग्नल मिळता कामा नये. सांधे आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने १८५६ साली घेतलं. म्हणजे ही शहाणपणाची गोष्ट पावणेदोनशे वर्षांच्या घरात आली.

आणि ती विसरली की काय होतं? २ जून २०२३, ओडिशातलं बहानगा बाजार स्टेशन. कोरोमंडल एक्सप्रेसला सरळ जायचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा होता लूप लाइनकडे. तिथे मालगाडी उभी होती. जवळपास तीनशे माणसं गेली. चौकशीत निघालं ते सिग्नलच्या तारांच्या जोडणीतल्या चुकीचं काम. दिवा एक सांगत होता, सांधा दुसरंच. माझ्या प्लायवरची गाडी उलटली तर इंजिनाला ओरखडा पडतो, हे मला कळतं. त्या दुःखाशी माझ्या खेळाची बरोबरी करत नाही. पण "एवढं काय त्यात" ही सवय लहान कामातच लागते.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मान्य. स्विच वाढले की बिघाडही वाढणार. त्यावर धूळ बसेल आणि सांधा ठीक असूनही दिवा लागणार नाही. लागू नये! अशा वेळी मी उठून बघेन, चार पावलं पडतील, बाकी काही नाही. खोटा "नाही" परवडतो, खोटा "हो" परवडत नाही. आणि पुढच्या कडेच्या, हाताशी असलेल्या सांध्यांना मी मोटारही लावणार नाही आणि दिवाही. तिथे बोट आणि डोळे पुरेत.

एकूण नऊ सांध्यांपैकी मागचे चार मोटारीचे. तीन पास झाले. चौथा पोस्टकार्ड घालूनही "हो बाई" म्हणतोय. उद्या त्याला परत फळ्यापाशी उभा करते.