मोचे चित्रे निव्वळ नक्षी नव्हेत



प्राचीन पेरूतील मोचे भांड्यांवरची चित्रे ‘निव्वळ नक्षी’ असून त्यांचे अर्थ म्हणजे अभ्यासकांचे कल्पनाविलास, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. उपलब्ध पुरावा याच्या नेमका उलट आहे.

रिकिबीच्या आकाराची नळी असलेल्या या भांड्यांच्या फिकट अंगावर तांबूस रेघांनी एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. बंदिवानांचे गळे चिरले जातात आणि रक्ताचा पेला चंद्रकोरीचा शिरपेच घातलेल्या प्रमुखाला दिला जातो. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डॉनन यांनी या प्रसंगाची संगती १९७०च्या दशकातच लावली होती.

पुढे १९८७ मध्ये पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांना पेरूतील सिपान येथे एक अस्पर्शित थडगे सापडले. त्यात चित्रातल्या प्रमुखाचा तोच चंद्रकोरी शिरपेच आणि त्याच्यासारखीच मोठी कर्णभूषणे होती. १९९१ मध्ये सान होसे दे मोरो येथे याच प्रसंगात दिसणाऱ्या पुजारिणीच्या साजासह पुरलेली स्त्रीही मिळाली. ही पात्रे खरी माणसे वठवत होती, हे त्यातून सिद्ध झाले.

हा पुरावा शास्त्रशुद्ध उत्खननामुळेच हाती आला. चोरांनी उकरून विकलेल्या भांड्यांचे संदर्भ कायमचे नष्ट होतात. चित्रांना नुसती शोभा मानणे म्हणजे त्या लुटीचे गांभीर्य कमी करणे होय.

– एक वाचक, कोल्हापूर